आधी मोरी, मग नळ: मेंदूतल्या रक्तप्रवाहाचं मॉडेल बांधताना

माझ्या पहिल्या मॉडेलमधला पेशंट काही केल्या मरत नव्हता. कवटीतला दाब १० मिमी पाऱ्यावरून २५ वर नेला, मग ४० वर नेला; मेंदूतून वाहणारं रक्त आपलं सेकंदाला १२ मिली ते १२ मिलीच. आलेखावर आडवी सरळ रेघ. मला वाटलं, वा, काय स्थिर मॉडेल बांधलंय! तो कागद घेऊन मी ओळखीच्या एका न्यूरोसर्जन बाईंकडे गेलो. त्यांनी रेघ पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "असं असेल तर आम्ही रात्री-अपरात्री कवट्या कशाला उघडतो हो?"

चूक एकाच ओळीत होती, आणि ती शिरांच्या बाजूला होती. धमन्यांवर मी तीन महिने घालवले होते. मानेतून वर येणाऱ्या चार वाहिन्या, मेंदूच्या तळाचं धमन्यांचं कडं म्हणजे सर्कल ऑफ विलिस, तिथून निघणाऱ्या फांद्या, सगळं मन लावून मांडलं होतं. शिरांसाठी मात्र एक रोध आणि त्याच्या टोकाला एक ठरीव दाब, की झालं. पुढे इतरांची मॉडेलं पाहिली तेव्हा कळलं की मी एकटा नव्हतो. नळ चकचकीत असतो, मोरी कुठे जाते ते कुणी वाकून बघत नाही. म्हणून इथे मी उलट्या बाजूने सुरुवात करणार आहे.

कागदावर पाच दाब

कॉम्प्युटर नंतर. आधी एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर पाच ठिपके द्या. धमनी ९० मिमी पारा. केशवाहिन्या २५. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा १३. सायनस ६. मानेतली जुग्युलर शीर ४, माणूस आडवा असताना. (सायनस म्हणजे सर्दीवालं नव्हे, कवटीच्या आतून लागलेल्या ड्युरा या जाड पडद्याच्या घडीतले रक्ताचे पाट.) रेघेच्या वर, सगळ्यावर छत धरल्यासारखा एक सहावा आकडा लिहा: कवटीतला दाब, आयसीपी, १०.

प्रवाह १२ मिली दर सेकंदाला धरा, म्हणजे मिनिटाला ७२०. मेंदूचं वजन १४०० ग्रॅम धरलं तर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५१ मिली पडतात आणि निरोगी मेंदूचा आकडा ५० च्याच आसपास असतो. कागद इथपर्यंत शुद्धीवर आहे.

आता रोध काढा. दाबातला फरक भागिले प्रवाह. धमनी ते केशवाहिन्या (९० − २५) ÷ १२ म्हणजे ५.४२. केशवाहिन्या ते शिरा (२५ − १३) ÷ १२ म्हणजे १. एकक मिमी पारा गुणिले सेकंद भागिले मिली. हे एकक कागदाच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा, पुढे तेच वाचवणार आहे.

सांडवा

शिरा ते सायनस हा शेवटचा टप्पा. माझा हात इथे आपोआप चालला होता: (१३ − ६) ÷ १२, म्हणजे ०.५८. एकूण रोध ७, एकूण फरक ९० − ६ म्हणजे ८४, प्रवाह १२. हिशोब चोख! फक्त या हिशोबात आयसीपी कुठे आहे ते शोधून दाखवा. कुठेच नाही. म्हणूनच माझा पेशंट मरत नव्हता.

प्रत्यक्षात मेंदूच्या पृष्ठभागावरून सायनसकडे जाणाऱ्या ब्रिजिंग शिरा पातळ, मऊ भिंतीच्या असतात आणि त्यांच्याभोवती आयसीपी दाबून असतो. सायनसच्या तोंडाशी शिरेतला दाब बाहेरच्या दाबाखाली जायला लागला की शीर तिथेच चिमटते. पूर्ण मिटत नाही, कारण मिटली तर मागे रक्त तुंबतं, दाब वाढतो आणि ती पुन्हा उघडते. या ओढाताणीत शिरेच्या टोकाचा दाब आयसीपीच्या जरासा वर येऊन टेकतो. अशा जोडणीला स्टार्लिंग रेझिस्टर म्हणतात. १९१२ च्या सुमारास स्टार्लिंग आणि त्याचे सहकारी हृदयावरच्या प्रयोगांत बाहेरून दाबता येणारी पातळ रबरी नळी वापरत, तिच्यावरून हे नाव पडलं.

मला ते पटलं धरणाच्या सांडव्यावरून. सांडव्यावरून किती पाणी पडणार हे धरणातली पातळी आणि सांडव्याची उंची ठरवते. खाली नदीला गुडघाभर पाणी आहे की कंबरभर, याने वरच्या धारेला फरक पडत नाही. नदी सांडव्याच्या माथ्यापर्यंत चढली तरच पडतो. इथे सांडव्याची उंची म्हणजे आयसीपी आणि खालची नदी म्हणजे सायनस.

तेव्हा शेवटचा टप्पा असा लिहा: प्रवाह = (शिरेतला दाब वजा आयसीपी आणि सायनसचा दाब यांतला जो मोठा असेल तो) भागिले रोध. रोध आता (१३ − १०) ÷ १२ म्हणजे ०.२५. एकूण ६.६७. तपासा: (९० − १०) ÷ ६.६७ म्हणजे १२. आयसीपी २५ करा, प्रवाह ९.७५. आयसीपी ४० करा, ७.५; म्हणजे १०० ग्रॅममागे मिनिटाला ३२ मिली. आता त्या बाई का धावतात ते दिसतं. अतिदक्षता विभागात परफ्यूजन प्रेशर, म्हणजे मेंदूतून रक्त ढकलणारा दाब, काढताना सरासरी रक्तदाबातून सायनसचा दाब वजा न करता आयसीपी का वजा करतात, त्याचंही उत्तर याच ओळीत आहे.

एक सूचना. 'जो मोठा असेल तो' ही अट जशीच्या तशी कोडमध्ये टाकली तर दोन दाब जवळ आल्यावर सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, त्या कोपऱ्यावर ठेचकाळत राहतो. कोपरा गोलसर करा, अर्धा मिमी पाऱ्याच्या पट्ट्यात हळूच वळणारं फलन घ्या. माझं एक रात्रभराचं रन यानंतर चार मिनिटांत संपू लागलं.

पाण्याचा हिशोब

आयसीपी हा बाहेरून दिलेला आकडा ठेवला तर मॉडेल अर्धंच. कवटी बंद डबा आहे. मेंदू, रक्त आणि सीएसएफ (मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवतीचं पाणी) यांतलं एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. या कल्पनेचा पाया मन्रोने १७८३ मध्ये आणि केलीने १८२४ मध्ये घातला आणि तो अजून तसाच उभा आहे.

सीएसएफ मिनिटाला साधारण ०.३५ मिली तयार होतं आणि त्याचा मोठा भाग सायनसमध्ये शोषला जातो, असं या मॉडेलांत धरतात. स्थिर अवस्थेत आयसीपी = सायनसचा दाब + (निर्मितीचा वेग × शोषणाचा रोध). रोध ११.४ धरला तर ६ + ४ = १०. बसलं. याचा अर्थ नीट मुरू द्या: सायनसचा दाब ३ ने चढला की काही वेळाने आयसीपीही ३ ने चढतो. रक्ताचा प्रवाह सायनसकडे बघत नाही असं आपण आत्ता म्हणालो, पण सायनस मागच्या दाराने, पाण्याच्या वाटेने आत येतो.

इथे एककांनी मला पाडलं. ते ११.४ 'दर मिनिटाला'च्या हिशोबातलं आहे आणि रक्ताचा प्रवाह 'दर सेकंदाला'. सेकंदांत आणलं की शोषणाचा रोध ६८४ होतो. मी ११.४ तसाच ठेवला आणि माझ्या पेशंटचं सीएसएफ साठपट वेगाने शोषलं जाऊ लागलं. कुठलीही चूक दाखवली गेली नाही, आलेखही गोंडस आला.

डब्याची लवचीकता, म्हणजे कंप्लायन्स, दाबाबरोबर घटते. १ भागिले (०.०९२ × आयसीपी) घ्या. १० ला ती १.०९ मिली प्रति मिमी पारा येते, २६ ला ०.४२. भरलेल्या बॅगेत शेवटचा शर्ट कोंबताना चेन का बसत नाही, तोच प्रकार. आयसीपी नव्या जागी सरकायला किती वेळ घेतो ते रोध गुणिले लवचीकता सांगते: ६८४ ला १.०९ ने गुणलं तर साडेसातशे सेकंदांच्या जवळ जातं, म्हणजे बारा मिनिटं. तेव्हा दहा ठोके चालवून 'मॉडेल स्थिरावलं' म्हणू नका. तासभर चालवा.

मान दाबून पाहणं (फक्त मॉडेलची)

क्वेकेनश्टेट नावाच्या जर्मन डॉक्टरने १९१६ मध्ये एक चाचणी सांगितली: पाठीत सुई घालून सीएसएफचा दाब बघायचा आणि मानेतल्या जुग्युलर शिरा दाबायच्या. वाट मोकळी असेल तर दाब काही सेकंदांत चढतो, सोडलं की उतरतो. इमेजिंग आल्यावर ती मागे पडली आणि माणसांवर ती करून बघायची गोष्टही नाही. मॉडेलसाठी मात्र हिच्याइतकी स्वस्त आणि निर्दय परीक्षा मला दुसरी सापडलेली नाही.

जुग्युलरचा दाब ४ वरून १२ करा. सायनस ६ वरून १४ वर जातो. आयसीपी? आत्तापर्यंत लिहिलेल्या मॉडेलमध्ये तो बारा मिनिटांच्या गतीने, सावकाश वर सरकतो. खऱ्या माणसात सेकंदांत उसळतो. काय राहिलं?

राहिलं ते शिरांचं पोट. खालून अडवलं की रक्त शिरांत साठतं, शिरा फुगतात, बंद डब्यात ती जागा लगेच कुणाकडून तरी हिसकावली जाते आणि आयसीपी चढतो. शिरांना स्वतःचं आकारमान द्या, ते 'शिरेतला दाब वजा आयसीपी' या फरकावर अवलंबून ठेवा. आधी हा फरक ३ होता. सायनस १४ वर गेल्याने शिरा १७ वर जाते आणि फरक क्षणभर ७ होतो. तेवढी फुगवटी पुरते. कवटीतलं जास्तीत जास्त रक्त शिरांच्याच बाजूला असतं, त्यामुळे हा डबा छोटा समजून टाळू नका. तो घातला आणि माझ्या स्क्रीनवर आयसीपीने पहिल्यांदा उडी मारली. त्या दिवशी मी लवकर घरी गेलो.

अजून एक: मेंदूतल्या शिरांना आणि सायनसना झडपा नसतात. कोडमध्ये 'रक्त उलटं जाणार नाही' अशी अट कुणी सवयीने घातली असेल तर काढून टाका. झडप असते ती जुग्युलरच्या खालच्या टोकाशी.

धमन्या आणि सॉल्व्हर, थोडक्यात

ऑटोरेग्युलेशनवर ढीगभर लिहिलं गेलंय, मी दोनच ओळी लिहितो. दाब बदलला तरी प्रवाह टिकवण्यासाठी छोट्या धमन्या आकसतात किंवा फुलतात. लासेनने १९५९ मध्ये काढलेला तो सपाट पठाराचा आलेख पाठ्यपुस्तकांत सरासरी दाब ६० ते १५० मध्ये दाखवतात, पण त्या कडा माणसागणिक सरकतात. पहिल्या आवृत्तीत धमनीच्या रोधाला काही सेकंदांच्या विलंबाने प्रवाहाचा पाठलाग करू द्या, वर-खाली मर्यादा घाला आणि पुढे चला. मुख्य म्हणजे ते बंद करायचं बटण ठेवा. चालू ऑटोरेग्युलेशन इतर सगळ्या चुका झाकतं.

पायथनमध्ये सायपायचा सॉल्व्हर वापरत असाल तर ठरलेली आरके४५ पद्धत इथे रडते, कारण एकाच मॉडेलमध्ये ठोक्याची सेकंदाखालची गती आहे आणि सीएसएफची बारा मिनिटांचीही. रडाऊ किंवा बीडीएफ घ्या. आणि प्रत्येक पावलाला बेरीज तपासा: आत आलेलं वजा बाहेर गेलेलं म्हणजे साठ्यातला बदल. ही बेरीज चुकली तर पुढचा एकही आलेख कुणाला दाखवू नका.

उभं राहिल्यावर

माणसाला उभं करा. डोकं हृदयाच्या ३० सेंटिमीटर वर गेलं, म्हणजे रक्ताच्या स्तंभाचे २३ मिमी पारा कमी झाले. धमनी ९० वरून ६७. शिरांची बाजू ताठ नळी धरली असेल तर तिकडेही २३ वजा होतात, सायनस उणे १७ वर जातो आणि सायफनसारखा सगळा हिशोब मिटतो. तो इतका खोल जात नाही, कारण मानेतल्या जुग्युलर बाहेरच्या हवेच्या दाबाने चपट्या होतात. मग रक्त बरंचसं पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून उतरतं.

म्हणून मानेत दोन समांतर वाटा हव्यात: एक जुग्युलर, बाहेरचा दाब शून्य असलेला दुसरा सांडवा, दुसरी कण्याची वाट, रोध जास्त पण मिटत नाही. आडवं असताना पहिली बहुतेक सगळं वाहते, उभं राहिल्यावर दुसरी. सायनस मात्र ड्युराच्या ताठ भिंतींमुळे उणे दाबातही उघडा राहतो. बसवून केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेत सायनसला छिद्र पडलं तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाण्याची भीती असते, ती यामुळेच.

त्रिमितीचा मोह

रंगीत त्रिमितीय चित्र सगळ्यांना हवं असतं. थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनमधून सायनसचा आकार कोरून काढा, सिमव्हॅस्क्युलर किंवा ओपनफोम या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवा, चित्र मिळतं. मीही केलंय. पण ते एखाद्या अरुंद जागेचा रोध काढायला किंवा भिंतीवरचा घर्षणदाब बघायला वापरा, अख्ख्या मेंदूसाठी नव्हे.

तिथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, कोरणं. रोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो. ६ मिमी व्यासाच्या सायनसच्या दोन्ही कडांना ०.३५ मिमी आत कोरलं, म्हणजे एमआरआयच्या एका ०.७ मिमीच्या व्हॉक्सेलइतकीच (चित्राच्या एका ठिपक्याइतकीच) चूक, तर व्यास ५.३ आणि रोध ६४ टक्क्यांनी जास्त. मी एकच स्कॅन आठवड्याच्या अंतराने दोनदा कोरला आणि दोन वेगळे पेशंट मिळाले. शिवाय संथ रक्त आणि स्लाइसच्या पातळीतच वाहणारं रक्त टाइम-ऑफ-फ्लाइट व्हेनोग्राफीत (शिरांच्या एमआरआय चित्रणात) पुसट दिसतं. तो पुसटपणा म्हणजे अडथळा असं समजून कोरू नका. डावा ट्रान्सव्हर्स (कवटीच्या मागून आडवा जाणारा) सायनस उजव्यापेक्षा बारीक असणं तर नेहमीचंच.

दुसरं, टोकं. डावी आणि उजवी जुग्युलर दोन्हींना शून्य दाब दिला की रक्ताची वाटणी तुम्ही मॉडेल जिथे कापलं त्यावर ठरते. फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआयने (रक्ताचा वेग मोजणाऱ्या) मोजलेली वाटणी घाला. धमन्यांच्या टोकांनाही शून्य नको, तिथे रोध आणि कंप्लायन्सचा विंडकेसल जोडा. आणि मानेतल्या कॅरोटिड धमनीत रेनॉल्ड्स आकडा, म्हणजे प्रवाह किती खळबळेल ते सांगणारा आकडा, सव्वातीनशेच्या घरात असतो (५ मिमी व्यास, मिनिटाला २५० मिली धरून), म्हणजे प्रवाह शांतच, त्यामुळे टर्ब्युलन्सचं (खळबळत्या प्रवाहाचं) मॉडेल सवयीने चालू करू नका.

जिथे मी दोन आठवडे अडकलो

काही पेशंटना ट्यूमर नसतो, रक्ताची गुठळी नसते, तरी आयसीपी चढलेला असतो आणि व्हेनोग्राफीत ट्रान्सव्हर्स सायनस चिमटलेला दिसतो. आयसीपीने सायनस चिमटतो, चिमटल्याने वरच्या सायनसचा दाब चढतो, त्याने सीएसएफ शोषलं जात नाही, आयसीपी आणखी चढतो. तोंडी सांगायला सोपं. मी लिहिलं: ट्रान्सव्हर्स सायनसचा रोध 'आयसीपी वजा सायनसचा दाब' या फरकावर वाढतो. चालवलं. काही झालं नाही. आकडे बदलले, तरी काही नाही.

दोन आठवड्यांनी कागद पुन्हा पुढे घेतला तेव्हा दिसलं. आयसीपी वजा वरच्या सायनसचा दाब हा फरक पाण्याच्या समीकरणाने ४ वर बांधलेला आहे! दोघं हातात हात घालून चढतात, फरक हलतच नाही, मग चिमटणार काय? चिमटा बसतो तो खालच्या टोकाला, जिथे आतला दाब जुग्युलरच्या जवळचा असतो. फरक 'आयसीपी वजा जुग्युलर' असा घ्यायला हवा होता.

आता आकडे घालून बघा. सायनसचा उघडा रोध (६ − ४) ÷ १२ म्हणजे ०.१६७. चिमटलेला १.५ धरा, आणि फरक १४ च्या आसपास एकातून दुसऱ्यात वळणारा उतार ठेवा. ऑटोरेग्युलेशनने प्रवाह १२ वरच धरलाय असं समजा. उघडा असेल तर सायनस ६, आयसीपी १०. चिमटलेला असेल तर सायनस ४ + १८ = २२, आयसीपी २६. मधे १८ वर एक टेकाड. आयसीपी ढकलून १७ वर सोडला तर तो परत १० वर उतरतो. १९ वर सोडला तर २६ वर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. पेशंट तोच, रोध तेच, पण स्थिर अवस्था दोन. पाठीतून सीएसएफ काढून आयसीपी १८ च्या खाली आणला तर मॉडेलमध्ये सायनस पुन्हा उघडतो. स्टेंट घालून रोध ०.१६७ वर खिळवला तर वरची अवस्थाच नाहीशी होते.

हा आलेख घेऊन मी पुन्हा त्या बाईंकडे गेलो. या वेळी त्या खुर्चीत बसल्या. बोट १८ वर ठेवलं आणि म्हणाल्या, "हा आकडा माझ्या पेशंटचा किती?"

चिमटलेला रोध आणि वळणाची जागा मी मनाने घातली होती, ते त्यांना सांगितलं. खरा आकडा काढायचा तर शिरेतून कॅथेटर नेऊन अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजावा लागतो, आणि पाठीतल्या सुईने आयसीपीही. त्यांनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "दोन्ही दाब एकाच वेळी हवेत, की मागेपुढे चालतील?" एकाच वेळी, मी म्हणालो. बारा मिनिटांचा हिशोब त्यांना तिथेच करून दाखवला.